६१७४ : एका शाळामास्तरांची संख्या

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गौरव समारंभात डोंबिवली येथे केलेले भाषण. सभासदांच्या इच्छेवरून येथे मुद्रित केले आहे.)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या गौरवप्रसंगी दोन शब्द बोलावे अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस केली, तेव्हा प्रथम आमच्या मनात संकोच उत्पन्न झाला. आज ज्यांचा येथे सत्कार होत आहे त्यांत अभियंते आहेत, डॉक्टर आहेत, सनदी लेखापाल आहेत. आम्ही पडलो जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे अध्यापकवर्ग केला आणि निवृत्तीपर्यंत प्राथमिक शाळेत मुलांकडून पाढे म्हणून घेतले. विद्वानांपुढे विद्वत्तेची भाषा बोलणे आमच्या अधिकारातले नव्हे. तेव्हा आम्ही ठरविले की, चौथीच्या मुलास येते तेवढ्याच गणितावर बोलावे. म्हणजे केवळ वजाबाकीवर. आणि तेही एकाच संख्येविषयी. ती संख्या म्हणजे ६१७४.

ज्यांच्यापाशी कागद व पेन्सिल असेल त्यांनी ती काढावी. कोणतीही चार आकडी संख्या मनात धरावी. अट एवढीच की, तिचे चारही अंक एकसारखे नसावेत. त्या अंकांची जितकी मोठी संख्या होईल तितकी मोठी मांडावी. त्याच अंकांची जितकी लहान होईल तितकी लहान मांडावी. आणि मोठीतून लहान वजा करावी. जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करावे. उदाहरणार्थ, ३५२४ घेऊ.

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ चे पुन्हा तेच करू. ७६४१ मधून १४६७ वजा केले की उरतात ६१७४! संख्या तेथेच येऊन थांबली. आणखी शंभर वेळा वजाबाकी केली तरी ती तेथून हलणार नाही. यात विशेष असा की, आपण कोणत्याही संख्येपासून आरंभ केला तरी शेवट येथेच होतो आणि सात पायऱ्यांहून अधिक पायऱ्या कधीही लागत नाहीत. पंढरीच्या वाटा निरनिराळ्या गावांतून निघतात, परंतु सर्व दिंड्या अखेर एकाच महाद्वारी पोहोचतात, तसाच हा प्रकार आहे.

ही गोष्ट प्रथम ज्यांच्या ध्यानी आली ते कोणी विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते. ते आमच्यासारखेच एक शाळामास्तर होते. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू आज पालघर जिल्ह्यात आहे. परंतु २०१४ साली तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते. बालपणीच त्यांचे मातृछत्र हरपले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडावयाची म्हणजे आकडेमोड आलीच. ती गोडी मुलाने वडिलांपासून उचलली. त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाणे येथे झाले. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तेथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले. त्यानंतर नाशिकजवळच्या देवळालीस शाळेत शिक्षक म्हणून त्यांनी नोकरी धरली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते तेथेच शिकवीत राहिले.

६१७४ चा हा गुण त्यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. १९५५ साली त्यावरील त्यांचा लेख ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकेतील नियतकालिकात प्रसिद्ध झाला. परंतु आपल्या देशातील अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे गांभीर्याने पाहिले नाही. कापरेकरांपाशी संशोधनाची पदवी नव्हती, विद्यापीठाची नेमणूक नव्हती. त्यांना कित्येक पुस्तिका स्वतःच छापाव्या लागल्या. पुढे मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या या मास्तरांचे नाव जगभर पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते. निवृत्तिवेतन पुरेना म्हणून उतारवयात त्यांनी शिकवण्याही केल्या. १९८६ साली ते निवर्तले. आज ६१७४ ला सर्वत्र ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखतात.

कापरेकर कोणत्या ज्ञातीचे होते, असे कोणी आम्हांस विचारील, तर आमचे उत्तर इतकेच की, जो मनुष्य संख्यांच्या घरचा झाला, त्यास सर्वांनीच आपला म्हणावे. तथापि डोंबिवलीकरांनी त्यांना आपले म्हणावे असे एक वेगळे कारण आहे, ते येथे सांगितले पाहिजे.

११ चा वर्ग १२१ होतो. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. अंक एकेक पायरी चढतात आणि तशाच पायऱ्या उतरतात. नऊ वेळा एक लिहून वर्ग केला तरी हा जिना मोडत नाही. अशा संख्या ज्यांत येतात त्या कुटुंबास कापरेकरांनी ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. डेम्लो हे कोणा परदेशी पंडिताचे नाव नव्हे. मुंबईपासून तीस मैलांवर, त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवरील ज्या स्थानकात त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, त्या स्थानकाचे ते नाव होय. ते स्थानक म्हणजेच आपली डोंबिवली! ज्या फलाटावर आपण रोज सकाळी गर्दीस बोल लावीत उभे राहतो, त्याच स्थानकात एका मनुष्यास गाडीऐवजी संख्या सापडल्या आणि त्याने गावाचे नाव गणिताच्या ग्रंथात नेऊन ठेविले. आपल्या किती मुलांस हे ठाऊक आहे?

आता पुन्हा आपल्या संख्येकडे वळू. सर्व संख्या ६१७४ पाशीच का येतात? यात काही दैवी चमत्कार आहे काय? मुळीच नाही, कारण समजले म्हणजे आनंद कमी होत नाही, उलट वाढतो. समजा, चार अंक मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने मांडले. वजाबाकीत पहिल्या व चौथ्या अंकाचा जो फरक असेल त्याची ९९९ पट येते आणि दुसऱ्या व तिसऱ्या अंकाच्या फरकाची ९० पट येते. या दोहोंची बेरीज म्हणजे आपले उत्तर. ७६४१ मध्ये बाहेरच्या अंकांचा फरक ६ आणि आतल्या अंकांचा फरक २. सहा गुणिले ९९९ म्हणजे ५९९४, दोन गुणिले ९० म्हणजे १८०, बेरीज ६१७४. म्हणजे उत्तर ठरते ते मूळ अंकांवरून नव्हे, केवळ या दोन फरकांवरून. म्हणूनच ९७५३ घ्या, ८५३२ घ्या की ६४२० घ्या, पहिल्याच वजाबाकीत ६१७४ येते. कारण तिन्हींत हे फरक सहा आणि दोन असेच आहेत.

बाहेरचा फरक १ पासून ९ पर्यंत असू शकतो आणि आतला फरक बाहेरच्याहून मोठा होऊ शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर त्या ५४ भरतात. पुढची शून्ये धरून, आपल्या अटीत बसणाऱ्या चार आकडी मांडण्या एकंदर ९,९९० आहेत. पण एक वजाबाकी झाली की त्या सर्व या ५४ उत्तरांत येऊन पडतात! मग या ५४ उत्तरांची पुढील वजाबाकी करून पाहिली की सर्वांचाच निकाल लागला. एक रविवार व दोन फुलस्केप कागद एवढ्या भांडवलावर घरातील कोणतेही मूल हा सिद्धान्त स्वतः पडताळून पाहू शकते. गुरुजी सांगतात म्हणून किंवा यंत्र दाखविते म्हणून नव्हे, तर आपण पाहिले म्हणून खरे, असे म्हणण्याचा अधिकार त्या मुलास मिळतो. हा अधिकार लहान नव्हे.

या संख्येत दुसरीही मौज आहे. सहा, एक, सात आणि चार यांची बेरीज १८. आता ६१७४ ला १८ ने भागा. नि:शेष भाग जाऊन ३४३ येतात, आणि ३४३ म्हणजे साताचा घन. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाते, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ असे गोड नाव दिले होते. हर्ष देणारी ती हर्षद. शिवाय १८, अठराचा वर्ग ३२४ आणि अठराचा घन ५८३२ या तिघांची बेरीज करून पाहा. तीही ६१७४ च भरते.

मुलांनी आपापल्या जन्मवर्षापासून आरंभ करून पाहावा. २०१२ साली जन्मलेल्या मुलास तीन पायऱ्या लागतील. स्वतः कापरेकरांच्या जन्मवर्षास, १९०५ ला, पुऱ्या सात पायऱ्या लागतात: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. ज्या १९४९ साली त्यांनी ही गोष्ट मद्रासेस सांगितली, त्या सालासही सातच लागतात.

कोणी व्यवहारी गृहस्थ विचारतील की, याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. ६१७४ मुळे पूल बांधला जात नाही की दुकानाचा हिशेब लवकर जुळत नाही. तीन अंकांसाठी अशीच एक संख्या आहे, ४९५. परंतु दोन अंकांत आणि पाच अंकांत अशी एकही नाही, तेथे संख्या एका ठिकाणी न थांबता फेऱ्यांत फिरत राहतात. शिवाय हा सर्व खेळ आपण दहाच्या पटीने अंक लिहितो त्यावर अवलंबून आहे. मनुष्यास दहाऐवजी बारा बोटे असती आणि तो बारांच्या पटीने लिहिता, तर ६१७४ चे हे भाग्य उरले नसते. म्हणूनच गंभीर गणितज्ञ याला रंजक गणित म्हणून बाजूस ठेवितात, आणि त्यात त्यांचे सर्वस्वी चुकते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु लहान मुलाच्या बाबतीत रंजन हाच गणिताचा दरवाजा असतो. दरवाजा हे घर नव्हे हे खरे. पण त्यातून आत गेल्यावाचून घरही लाभत नाही. आणि हा दरवाजा एखाद्या मुलाच्या तोंडावर बंदही करता येतो. ते पाप आमच्या हातून घडले आहे. आज या व्यासपीठावर आम्ही मुख्यतः तेच सांगण्यास उभे आहोत.

चाळीस वर्षांमागील गोष्ट. आम्ही कल्याणच्या बाजूस एका खेड्यातील शाळेत चौथीचा वर्ग शिकवीत होतो. वजाबाकीचा सराव कंटाळवाणा होऊ नये म्हणून आम्ही मुलांस ६१७४ चा खेळ दिला. वर्गात मोठा उत्साह पसरला. ज्याचे उत्तर जुळे तो पाटी उंचावून दाखवी. शेवटच्या बाकावरील एक मुलगा मात्र उठून म्हणाला, “गुरुजी, माझे सहा हजार येत नाहीत. माझे शून्य येते.” आम्ही पाटी पाहिली. त्याने २१११ ही संख्या घेतली होती. २१११ मधून १११२ वजा करून त्याने ९९९ आणले होते. मग ९९९ मधून ९९९ वजा केले होते. उरले शून्य.

आम्ही म्हणालो, “चार आकडी संख्या सांगितली होती, तू तीन आकडी केलीस. चुकले तुझे.” तो म्हणाला, “मग गुरुजी, ९९९ ही वजाबाकी चुकली का?” वजाबाकी तर बरोबर होती. आमच्यापाशी उत्तर नव्हते. आणि ज्या शिक्षकापाशी उत्तर नसते तो आवाज चढवितो. आम्ही त्यास उलट उत्तर देतोस म्हणून दटाविले, ओल्या फडक्याने त्याची पाटी पुसली आणि तास संपेपर्यंत त्यास उभे केले.

रात्री घरी कंदिलाजवळ बसून आम्ही ते गणित पुन्हा मांडले, तेव्हा उलगडा झाला. ९९९ हे ०९९९ असे लिहावयास हवे होते. पुढचे शून्य टाकावयाचे नाही, ही अट आम्ही वर्गास सांगितलीच नव्हती. ते शून्य ठेवले म्हणजे ९९९० मधून ०९९९ जाऊन ८९९१ येतात, मग ८०८२, मग ८५३२, आणि पाचव्या पायरीस ६१७४ हजर! म्हणजे मुलाची वजाबाकी चुकली नव्हती. आमचे सांगणे अपुरे होते. चाळीस मुलांच्या वर्गात त्या एकट्याने आमच्या नियमातील भोक शोधून काढले होते. गणितात याहून मोठी शाबासकी कोणत्या गोष्टीस द्यावयाची?

दुसरे दिवशी आम्ही वर्गात पुढच्या शून्याची अट समजावून दिली. परंतु ती अशा थाटात सांगितली, जणू आम्हांस आरंभापासूनच ठाऊक होती. त्या मुलाचे नावही आम्ही काढले नाही. त्याच्याकडे पाहण्याचेही टाळले. पुढे त्याने आमच्या वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. सांगितले तेवढे तो निमूटपणे लिहीत असे. सातवीनंतर त्याने शाळा सोडली असे कानी आले. तो सध्या कोठे आहे हे आम्हांस माहीत नाही. त्याच्या शाळा सोडण्यास आम्हीच कारण झालो असे आम्ही म्हणत नाही. घरची गरिबी हेच कारण अधिक संभवते. परंतु त्या दिवशी आम्ही जी पाटी पुसली ती आमच्या डोळ्यांपुढून आजवर पुसली गेली नाही.

कापरेकरांच्या चरित्राचा विचार करिताना आम्हांस वारंवार वाटते की, संशोधक म्हणजे तरी कोण? इतरांना जे क्षुल्लक वाटले त्याविषयी ज्याने प्रश्न विचारला आणि कोणी हसले म्हणून तो प्रश्न सोडला नाही, तो संशोधक. ठाण्याच्या शाळेत आकड्यांशी खेळत बसणाऱ्या दत्तात्रेयाची पाटी जर कोणी पुसली असती, तर देवळालीस कापरेकर मास्तर झालेही असते. पण ६१७४ ला त्यांचे नाव लाभले असते की नाही, कोण सांगेल?

ज्ञातिबंधूहो, आपले मंडळ दरवर्षी गुणवंतांचा गौरव करिते ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु आपल्या पारितोषिकांची यादी आम्ही न्याहाळून पाहिली. त्यात प्रत्येक पारितोषिक टक्क्यांवर बेतलेले आहे. पंच्याऐंशी टक्क्यांखालील मुलाने येथे केवळ टाळ्या वाजविण्यास यावे, अशी आपली रीत पडून गेली आहे. मागील रांगांत आपल्या आईवडिलांशेजारी खाली मान घालून बसलेली मुले आम्हांस येथून स्पष्ट दिसत आहेत. आम्ही स्वतः मॅट्रिकला तिसऱ्या वर्गात उत्तीर्ण झालो. त्यांच्या मनात काय चालले असेल हे आम्ही जाणतो.

म्हणून मंडळापुढे आमची एक नम्र सूचना आहे. पुढील वर्षापासून एक छोटे पारितोषिक असे असावे की, ज्यासाठी गुणपत्रिका मागू नये. मुलाने वर्षभरात स्वतःस पडलेला एक प्रश्न, मग तो गणितातला असो, पाखरांविषयी असो की खाडीच्या भरती-ओहोटीविषयी असो, वहीच्या दोन पानांत लिहून द्यावा आणि उत्तर शोधण्यासाठी आपण काय काय केले तेही लिहावे. उत्तर सापडलेच पाहिजे अशी अट नसावी. या पारितोषिकासाठी आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून दरवर्षी एक हजार एक रुपये देऊ. त्यास आमचे नाव देऊ नये. ज्याचे नाव द्यावयास हवे त्याची पाटी आम्ही पुसली, आणि त्याच्या संमतीवाचून ते नाव येथे उच्चारणे योग्य नव्हे.

पालकांसही एक विनंती. आज घरी गेल्यावर मुलांबरोबर बसून ही वजाबाकी करून पाहावी. एखादे मूल म्हणेल, “बाबा, माझे शून्य आले.” तेव्हा रागावू नये. त्याची पाटी, वही, जे काही असेल ते जवळ घ्यावे आणि नीट पाहावे. त्याने २१११ घेतले असेल. पुढचे शून्य लिहावयास त्यास शिकवावे, आणि त्याआधी त्याने अडचण शोधली याबद्दल त्याची पाठ थोपटावी.